मिशी काढून पवनीला

मिशी मी स्वतःच्या खुशीनं काढली आणि त्या वेळी माझे वडील उमरेडला धडधाकट होते, हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे काही झालं त्यात मी एक अक्षरही खोटं बोललो नाही. लोक विचारत गेले, मी उत्तरं देत गेलो. आता विचारणाऱ्यानंच सगळं आधी ठरवून टाकलेलं असलं, तर उत्तर देणाऱ्यानं काय करावं? नागपूरच्या महालात आमच्या आळीत माझ्या पाठीमागे जे हसतात, त्यांनी एकदा आमच्या दत्तोपंतांसमोर उभं राहून दाखवावं.

मूळ गोष्ट एवढीच की अरुंधतीला, म्हणजे आमच्या मंडळींना, पवनीला जायचं होतं. तिची शाळेतली मैत्रीण उत्तरा मागच्या वर्षी नवऱ्यासोबत मोटारीनं तिकडे जाऊन आली. किल्ल्याची वेस पाहिली, देवळं पाहिली, वैनगंगेत नावेत बसली. 'नवऱ्याशेजारी बसली', असं अरुंधतीनं मला सांगितलं, आणि 'शेजारी' हा शब्द जरा ठासून सांगितला. आम्ही दोघं कुठं गेलोच नव्हतो असं नाही. रामटेकला गेलो होतो, पण सोबत दोन आत्या, एक मामी आणि त्यांची लोणच्याची बरणी होती. लग्नांना जात होतो, पण ती बायकांच्या बैलगाडीत आणि मी पुरुषांच्या. लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठंही गेलो नव्हतो. तिनं दिवाळीत विचारलं, संक्रांतीला विचारलं. माघ लागला तेव्हा मीच विषय काढला, तर म्हणाली, "राहू द्या." बायको 'राहू द्या' म्हणाली की काय समजायचं हे ज्याला कळत नाही, त्यानं लग्न करू नये.

मी कामाला लागलो. लकडगंजातले लाकडाचे व्यापारी भैयाजी यांच्याकडे मोटार होती आणि त्यांचं एक प्रकरण आमच्या कचेरीत बरेच दिवस पडून होतं, त्यामुळं त्यांचा माझ्यावर लोभ होता. मोटार मागितली तर म्हणाले, "बायकोले घेऊन फिराले? नुसतंच फिराले?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि "पाहू" म्हणाले. नागपुरात 'पाहू' म्हणजे नाही.

मग रजेचा अर्ज. शनिवारची रजा आणि गाव सोडायची परवानगी. कारण म्हणून मी प्रामाणिकपणे 'सपत्नीक सहल' असं लिहिलं. दत्तोपंत आमचे सुपरिंटेंडंट. त्यांनी तो अर्ज मोठ्यानं वाचला, म्हणजे सगळ्या कचेरीला ऐकू गेला.

"सहल," ते म्हणाले. "बरं. पण कारण काय?"

"सहल हेच कारण, साहेब."

"सहल हे तुम्ही करणार ते झालं. का करणार? ताप आहे, लग्न आहे, मयत आहे, हे मी समजू शकतो. सरकारही समजू शकतं. उद्या वर कोणी विचारलं की हा इसम नदीवर काय करायला गेला, तर मी काय सांगू? बायकोकडे पाहायला गेला?"

सगळी कचेरी खाली मान घालून हसली. अर्ज परत आला. मला अपमान गिळता येत नाही. मी त्याच संध्याकाळी आमच्या नत्थूजी न्हाव्याकडे गेलो.

आता मिशीचा आणि अपमानाचा काय संबंध, असं कोणी विचारील. सीताबर्डीवर बायस्कोप पाहताना मी बरेच दिवस एक गोष्ट हेरली होती, की मोटारीत बायकोशेजारी बसणारा एकही माणूस मिशीवाला नसतो. वकील झालेली नवी पोरंही गुळगुळीत फिरायला लागली होती. म्हटलं, रजा नाही तर नाही, रविवारी का होईना, आपण जायचं, आणि जायचं तर रीतसर जायचं. जोडपं कसं दिसलं पाहिजे. नत्थूजीनं वस्तरा हातात धरला आणि थांबला.

"मास्तरजी कवा गेले?" त्यानं माझ्या वडिलांबद्दल हळूच विचारलं.

"ते उमरेडला आहेत. मजेत आहेत. तू काढ."

"पक्कं?"

"काढ म्हणतो ना."

त्यानं काढली. मग माझी टोपी उचलून डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "इथलं त देवानंच केलेलं हाय." माझं टक्कल हा आळीत चर्चेचा विषय आहे, पण न्हाव्यानं तरी बोलू नये. घरी जाताना आरशात पाहिलं. बायस्कोपमधल्या माणसासारखा मी दिसत नव्हतो. कोणासारखा दिसतो ते दुसऱ्या दिवशी कचेरीत कळलं.

शुक्रवारी दुपारी ऊन चढून उकडायला लागलं म्हणून मी टोपी काढून टेबलावर ठेवली. एकेक टाक थांबत गेला. दत्तोपंत खुर्चीतून उठले. दत्तोपंत बड्या साहेबाखेरीज कोणासाठी उठत नाहीत. ते माझ्यापर्यंत आले, माझ्या ओठाकडे पाहिलं, डोक्याकडे पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"आणि तुम्ही 'सहल' लिहिलंत," ते म्हणाले. "दुःख असं पोटात ठेवू नये हो. पवनीच का, ते आत्ता उमजलं. नदी आहे, घाट आहे. मी काय काय बोललो तुम्हाला."

मी तोंड उघडलं. मी सांगणारच होतो.

"वय काय होतं?"

"अडुसष्ट." हे खरं होतं.

"फार त्रास झाला का?"

"त्यांना नाही. बाकीच्यांना बराच झाला." हेही खरं. आमच्या वडिलांना ओळखणारा कोणीही सांगेल.

"शेवटचं काय बोलले तुमच्याशी?"

मला आठवलं. संक्रांतीला मी उमरेडहून निघालो तेव्हा दारात उभं राहून म्हणाले होते. मी तेच सांगितलं. "छत्री विसरू नकोस, म्हणाले."

दत्तोपंतांनी डोळे मिटले. "केवढा अर्थ आहे," ते म्हणाले. मग त्यांनी माझा कालचा अर्ज मागवला, 'सपत्नीक सहल' हे शब्द स्वतःच्या हातानं खोडले आणि खाली सही केली. आता सरकारी कागदावर सही झाल्यावर ती चुकीची आहे असं सांगणं म्हणजे वरिष्ठाचा अपमान. शिवाय नावेत शेजारी बसण्याची गोष्ट होती. मी तोंड मिटलं.

तिथवरच थांबलं असतं तर आज मी सुखी माणूस असतो. पण दत्तोपंतांना चांगुलपणा करायचा झटका येतो तो अर्धवट येत नाही. "पवनीला माझा मावसभाऊ उपाध्या आहे," ते म्हणाले. "त्याला तार करतो. आणि मी स्वतः येतो. तुम्हाला या वेळी एकटं सोडणं मला बरं वाटत नाही."

घरी आलो तर अरुंधती चकल्या तळत होती. बातमी कळायच्या आधीच ती तयारीला लागली होती, कारण मी तिला रविवारचं वचन दिलं होतं. आदल्या रात्री मी बिनमिशीचा समोर आलो तेव्हा ती हसलीही नव्हती. "मामंजी पाहतील तेव्हा काय सांगाल?" एवढंच म्हणाली होती. बायकांच्या हे लगेच लक्षात कसं येतं, कोण जाणे. आता मी तिला सगळं सांगितलं. तिनं झारा कढईतच ठेवला.

"म्हणजे दत्तोपंत येणार."

"भाड्याची मोटार करू. पुढं बसतील ते. मागं आपण दोघंच."

"आणि नावेत?"

"नावेत ते कशाला येतील? सुतकाच्या माणसासोबत नावेत कोणी बसत नाही." हे बोलून गेल्यावर मला वाटलं की आपण काहीतरी चुकीचं बोललो. पण तेवढ्यात दार वाजलं.

शेजारच्या यमुताई होत्या. हातात पिठलं-भाताचं पातेलं, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. डोळ्यांना पदर, आणि पदराखालून नाक. ते नाक दोनदा हललं.

"अरुंधती, काय वं हे? सुतकात कढई?"

अरुंधती सरळ बाई आहे. तिनं सरळ सांगितलं, "यमुताई, मामंजी उमरेडला आहेत. त्यांना काही झालेलं नाही."

यमुताईंनी तिला पोटाशी धरलं. "असंच वाटते पोरी पहिले पहिले. आमचे गेले तवा मीही महिनाभर त्यांच्या ताटावर वाढत होती. रडून घे." मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पिठलं ठेवलं आणि जाताना आळीतल्या इतरांसाठी म्हणून चार चकल्या घेऊन गेल्या. खरं सांगितलं तर काय होतं, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. तरीही लोक मलाच नावं ठेवतात.

भैयाजी संध्याकाळी आपणहून आले. "काहून नाही सांगितलं मले? फिराले म्हनता, अन् हे असं. अशा कामाले गाडी नाही द्यायची त कवा द्यायची गा? मीच चालवतो. तुमी फक्त बसा." म्हणजे आम्ही आता चौघं झालो होतो. अरुंधतीनं आतून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चकल्या पितळेच्या डब्यात भरायला घेतल्या. रस्त्याची धूळ लागू नये म्हणून डबा पांढऱ्या फडक्यात बांधला. गाठ मात्र फारच जोरात मारली.

शनिवारी सकाळी तो डबा मी मोटारीत खाली ठेवायला गेलो, तर दत्तोपंतांनी माझा हात धरला.

"जमिनीला टेकवू नका," ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "मांडीवर घ्या. नीट धरा."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा दत्तोपंत त्या डब्याला हात जोडत होते, भैयाजी टोपी काढून उभे होते आणि आळीतल्या चार बायका डोळे पुसत होत्या. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? की यात भाजणीच्या चकल्या आहेत? मी डबा मांडीवर घेतला.

मागच्या बाजूला अरुंधती आणि मी. बोललो होतो तसंच. पण दत्तोपंत पुढं बसता बसता थबकले आणि म्हणाले, "या दिवसांत कर्त्यानं बायकोपासून अंतर ठेवावं." आमच्या मधोमध त्यांनी त्यांची वळकटी उभी केली. ती एवढी जाड होती की उमरेडपर्यंत मला बायकोचं फक्त कुंकू दिसत होतं, तेही खड्डा आला की. मांडीवर बापाच्या अस्थी, त्यांना ओव्याचा खमंग वास, आणि पोटात काही नाही. दत्तोपंत अधूनमधून मागं वळून विचारत, "कसं वाटतंय?" मी म्हणत होतो, "भूक लागली आहे." ते म्हणत होते, "लागते. शरीर आहे."

माझी सगळी भिस्त एका गोष्टीवर होती. उमरेड रस्त्यावरच आहे आणि वडिलांचं घरही रस्त्यावरच आहे, पण मोटार भरधाव गेली तर कोण कोणाला पाहतो? म्हणून गाव जवळ आलं तसं मी भैयाजींना जोरात हाका असं सांगितलं. भैयाजींनी उलट गाडी हळू केली.

"इथं गाडीले पानी पाजा लागते," ते म्हणाले. "तापून राहिली. थ्या मास्तरच्या घरापुढं विहीर हाय, पानी मस्त हाय तिचं."

त्यांनी मोटार बरोबर आमच्या ओट्यासमोर उभी केली. झाकणातून वाफ निघत होती. आणि घरातून बादली-दोर घेऊन, उघड्या अंगानं, खांद्यावर पंचा टाकून माझे वडील बाहेर आले. ते मोटारवाल्यांना नेहमीच पाणी काढून देतात आणि नेहमीच इंजिनाची निगा कशी राखावी यावर दोन गोष्टी ऐकवतात. आयुष्यभर शाळामास्तर होते. मी वळकटीमागे वाकलो. पण डबा वर राहिला आणि मी खाली, ते फार विचित्र दिसलं असावं, कारण ते मला पाहायला थेट खिडकीपाशी आले.

त्यांनी माझ्या ओठाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मी डबा सावरला. दत्तोपंत पुढच्या सीटवरून उतरले आणि गंभीरपणे म्हणाले, "यांचे वडील गेले."

"असं का?" वडील म्हणाले. "कधी?"

"झाले थोडे दिवस. अस्थी घेऊन पवनीला निघालो आहोत. आपण?"

त्या क्षणी माझी नोकरी, माझी अब्रू आणि पवनी तिन्ही गेली असं मी धरून चाललो. मोटार तिथूनच परत फिरणार होती. पण अरुंधती उतरली, पदर सावरला, वडिलांना वाकून नमस्कार केला आणि दत्तोपंतांना म्हणाली, "हे यांचे धाकटे काका." मग तिनं मामंजींकडे असं पाहिलं की, एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडे तसं कधी पाहिलं असतं तर मी तिला काशीला नेलं असतं. "पवनीला नेतो म्हणाले मला," ती म्हणाली. "नावेत."

वडिलांनी बादली खाली ठेवली.

"म्हणजे तुमचे सख्खे बंधू," दत्तोपंत म्हणाले. "आणि तुम्हाला कोणी कळवलंही नाही?"

"मलाच सगळ्यात शेवटी कळलं," वडील म्हणाले.

दत्तोपंतांनी त्यांना मिठी मारली. "देवमाणूस गेला हो."

"तुम्ही ओळखत होता त्याला?"

"प्रत्यक्ष नाही. पण मुलावरून बाप कळतो."

"मुलावरून? मग देवमाणूस कशावरून म्हणता?"

दत्तोपंतांनी हे दुःखाच्या खाती टाकलं. वडिलांनी मात्र माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बोट केलं. "यात काय आहे?"

"तुमचे बंधू," दत्तोपंत हलक्या आवाजात म्हणाले.

वडिलांनी डबा उचलला. वजन पाहिलं. कानाशी नेऊन हलवला, तर आत खडखडलं. मग नाकाशी नेला.

"ओवा," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"माझ्या भावाला ओवा फार आवडायचा." आणि ते घरात गेले, सदरा आणि कोट चढवून, दाराला कुलूप घालून बाहेर आले. "सख्खा भाऊ आहे. मला यायलाच हवं."

वळकटी मागच्या पेटीवर बांधली गेली आणि तिच्या जागी, आमच्या दोघांच्या मधोमध, माझे वडील बसले. वळकटीचं एक बरं होतं, ती बोलत नव्हती. भिवापूरपर्यंत वडिलांनी आपल्या दिवंगत भावाच्या आठवणी सांगितल्या. तो किती हुशार होता, शाळातपासनीस त्याला कसे भीत. त्यानं पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवलं, आणि तो मुलगा पत्राला उत्तर द्यायलाही कसा आळशी. संक्रांतीला आला होता तर छत्री विसरून गेला, एवढं सांगितलं तरी. दत्तोपंत मान डोलवत होते. "तुम्ही पत्रांना उत्तरं देत नव्हता?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "कामामुळं." दत्तोपंत माझ्याकडे पाहत राहिले. माझं काम किती असतं ते त्यांना ठाऊक होतं.

पवनी आली. वेशीतून मोटार आत गेली, पण ती वेस मला नीट पाहता आली नाही, कारण माझ्या बाजूनं दत्तोपंतांचा मावसभाऊ, म्हणजे तो उपाध्या, पायदानावर चढून आधीच सूचना द्यायला लागला होता. घाट उतरलो. खाली वैनगंगा होती. माघातली नदी, निळी, संथ. पलीकडे रेतीचा पट्टा आणि त्यात टरबुजांच्या वाड्या. काठाला एक नाव बांधलेली होती. अरुंधती पायरीवर थांबली आणि बघत राहिली. मी तिला खूण केली, थांब, होईल, आत्ता होईल. मला खरंच वाटत होतं की होईल.

"कर्त्यानं आधी स्नान करावं," उपाध्या म्हणाला.

मी त्या थंडगार पाण्यात उतरलो. बाहेर आलो तो ओल्या धोतरानं पाटावर बसवला गेलो. समोर भाताचा पिंड. उपाध्यानं मृताचं नाव विचारलं. जिवंत बाप मागं उभा असताना मी त्यांचं नाव घेणं शक्य नव्हतं, म्हणून मी आजोबांचं सांगितलं. ते खरंच वारले आहेत आणि त्यांना एक पिंड जास्त गेला तर कोणाचं काही बिघडत नाही. इथंही मी खोटं बोललो नाही, हे ध्यानात घ्यावं.

"अस्थी मध्य प्रवाहात सोडायच्या," उपाध्या म्हणाला. "पण पिंडाला कावळा शिवल्याशिवाय कर्त्यानं उठायचं नाही."

"मग मी नेतो," वडील म्हणाले. डबा त्यांच्याच काखेत होता. "भाऊ माझा आहे. सूनबाईलाही सोबत घेतो. ती त्याची फार लाडकी होती." मग माझ्याकडे वळले. "होती की नाही?"

"होती," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांना माझ्यापेक्षा ती नेहमीच आवडत आली आहे.

नाव सुटली. पुढच्या फळीवर अरुंधती, तिच्यासमोर मामंजी, मांडीवर डबा. अरुंधतीनं एक हात पाण्यात सोडला. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तिची पाठ दिसत होती, आणि इतकी सैल पाठ मी आमच्या घरात कधी पाहिली नव्हती. नाव मधोमध गेली. वडिलांनी फडकं सोडलं, डब्यात हात घातला, आणि हात तोंडाकडे नेला. मग अरुंधतीनं घातला.

दत्तोपंतांना लांबचं दिसत नाही. "डोक्याला लावताहेत," ते गहिवरून म्हणाले.

भैयाजींना लांबचं चांगलं दिसतं. रोज जंगलात उभ्या झाडांचा अंदाज घेणारा माणूस. ते डोळे बारीक करून म्हणाले, "म्हातारा त खाऊन राहिला गा."

उपाध्यानं मंत्र अर्ध्यावर सोडून नदीकडे पाहिलं. शेवटी दत्तोपंत म्हणाले, "दुःखानं माणसाचं काय होतं पाहा," आणि भैयाजींनी कानाला हात लावले.

इकडे कावळा येईना. समोरच्या पिंपळावर दहा-वीस बसले होते, पण एकही खाली उतरेना. उतरेल कसा? ज्याच्यासाठी बोलावलं तो नदीत चकल्या खात होता. उपाध्या म्हणाला, मृताची काही इच्छा राहिली असेल, तिचं वचन द्या. मी वचनं द्यायला लागलो. पत्रं लिहीन म्हटलं. छत्री आणीन म्हटलं. मिशी पुन्हा ठेवीन म्हटलं. कावळे ढिम्म. धोतर अंगावर वाळायला लागलं होतं आणि माझे दात वाजत होते. नाव आता बरीच पुढं, वळणापाशी गेली होती.

"मला वाटतं," दत्तोपंत विचार करून म्हणाले, "मुलानं कामात लक्ष घालावं अशी त्यांची इच्छा असेल. मघाशी काका आळशी म्हणालेच. म्हणा की रजा मागणार नाही."

"साहेब, पण..."

"म्हणा. बाप आहे तो. म्हणा की रविवारीसुद्धा कचेरीत येऊन तुंबलेलं काम काढीन."

सगळे माझ्याकडे पाहत होते. नाव वळणामागे दिसेनाशी झाली. मी म्हटलं. पुरतं म्हणून झालंही नव्हतं, तोच एक कावळा पिंपळावरून उतरला, पिंडाचा मोठा घास घेतला आणि दत्तोपंतांकडे एकदा बघून उडून गेला. दत्तोपंतांनी आनंदानं माझी पाठ थोपटली. भैयाजी म्हणाले, "आता रविवारी आमचंही प्रकरन काढसान ना?" मी मान हलवली. तेवढंच करता येत होतं.

मला उठायला परवानगी मिळाली. मी धावतच पाण्यापाशी गेलो. म्हटलं, आता नाव आली की आपण बसायचं, ओल्या धोतरानं तर ओल्या धोतरानं, सगळ्यांसमोर, शेजारी. नाव यायला फार वेळ लागला. आली तेव्हा डबा रिकामा होता आणि वडील नावाड्याला वल्हं कसं धरावं ते शिकवत होते. मी हात देऊ केला तरी तो न घेता अरुंधती स्वतःच उतरली. तिच्या पायांना पलीकडची रेती होती, ओच्यात एक लहानसं टरबूज होतं.

"लांब गेला होता," मी म्हटलं.

"हो. वळणापाशी मामंजींनी विचारलं, परत फिरायचं की अजून पुढं जायचं?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला लागलं. "लग्न झाल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मला आधी काही सुचलंच नाही. मग म्हटलं, पुढं."

मी म्हणालो, "चल, आता आपण दोघं..."

"आता नको," ती म्हणाली. "पाहून झालं सगळं." ती वडिलांच्या मागोमाग पायऱ्या चढायला लागली. वर पोचेपर्यंत तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

मी पाण्यात घोट्यापर्यंत तसाच उभा राहिलो. दत्तोपंत खाली आले, माझा चेहरा पाहिला आणि माझा दंड धरला.

"धीर धरा," ते म्हणाले. "माणूस गेलं की पहिले काही दिवस असंच वाटतं. मग सवय होते."